अठ्ठावीस टाके

९ जून

लाडक्या वन्सं,

लगेच तोंड वाकडं करू नकोस. आरोग्य खात्यात तू कितीही मोठी मॅडम असलीस तरी या घरात आले तेव्हा नऊ वर्षांच्या तुझ्या फ्रॉकला हुक लावण्यापासून माझा संसार सुरू झाला. तेव्हा वन्सं म्हणायचा हक्क मी सोडणार नाही.

फोनवर बोलू म्हणालीस, पण माझं दुकान म्हणजे एकच खोली. मशीन, कटिंगचं टेबल, पडद्यामागे कपडे घालून बघायची जागा आणि शेजारच्या इस्त्रीवालीचे कान. इथे फोनवर पाळीचा विषय काढला की तासाभरात नाक्यावर पोचतो. म्हणून पत्र.

तुमच्या पाच दिवसांच्या ट्रेनिंगहून आले आणि पहिल्याच शनिवारी दुकानात वर्ग घेतला. चौदा मुली आल्या. तुझा दादा पंपहाऊसवरून लवकर आला होता. विषय कानावर पडताच पेपर घेऊन भिंतीपलीकडे जाऊन बसला, तो वर्ग संपल्यावरच उगवला. मी म्हटलं, "दोन पोरांचे बाप झालात, आता कशाला लाजता?" तर म्हणतो, "पोरं झाली म्हणून कुणी भाषण करतं का गं?"

खरं सांगू? लाज मलाही वाटत होती. दोन बाळंतपणं काढली, पण आपल्या पोटात काय चालतं ते मला बेचाळिसाव्या वर्षी तुमच्याकडे कळलं. मग ठरवलं, लाज गेली खड्ड्यात. शाळेचे गणवेश मीच शिवते, त्यामुळे मापाची वही माझ्याकडे असते. गेल्या वर्षी त्या वहीतली तीन नावं मी खोडली. नववीतल्या दोघी, दहावीतली एक. पोट दिसायला लागलं आणि शाळा सुटली. तिघींचंही घरच्यांच्या आधी माझ्या टेपला कळलं होतं आणि मी गप्प बसले होते. या वर्षी एकही नाव खोडायचं नाही, एवढ्यासाठी मी तुझ्या या उद्योगात पडले आहे.

एक युक्ती काढली आहे. तुम्ही तारेत अठ्ठावीस मणी ओवून बाईचा महिना समजावला होतात ना, तो मी स्कर्टच्या कमरपट्टीवर आणला. आतल्या बाजूने अठ्ठावीस टाके. पांढरे म्हणजे मोकळे दिवस. निळे म्हणजे दिवस राहू शकतात, जपायचं. रोज सेफ्टी पिन एक टाका पुढे सरकवायची. कुणाला दिसत नाही, कुणाला विचारायला नको. पोरी खूश आहेत.

आता शंका. मुलींच्या आयांना वर्गात बसू द्यायचं का? मुलग्यांना कोण शिकवणार? पिनेचा पहिला टाका कुठला, पाळी सुरू होते तो दिवस की संपते तो? मी संपते तो धरला आहे, कारण खरा नवा महिना तेव्हाच लागल्यासारखा वाटतो, चुकत असेन तर कळव. आणि मुख्याध्यापक बाई म्हणतात, गर्भनिरोधक साधनांचं नावसुद्धा काढायचं नाही. काढू की नको?

चष्मा लावून वाच, नाक उडवत नको.

तुझी वहिनी

२१ जून

वहिनी,

तुझं पत्र ऑफिसात वाचताना मी इतकी हसले की शेजारच्या टेबलावरचे हेडक्लार्क पाणी घेऊन आले. दादाला म्हणावं, पुढच्या वेळी पेपर उलटा धरू नकोस. तो तसाच धरला असणार.

तुझ्या शंकांची उत्तरं. आयांना सुरुवातीला बाहेरच ठेव, त्यांचा वेगळा वर्ग घे. आई समोर असली की मुलगी तोंड उघडत नाही. मुलग्यांसाठी मी इथून एक माणूस पाठवते. मुख्याध्यापक बाईंना खात्याचं पत्र जाईल, तोवर जरा सबुरीने घे.

आणि ती पट्टी! वहिनी, तुला कळतंय का तू काय केलंस? आम्ही इथे थंड खोलीत बसून तक्ते काढतो, ते तक्ते वस्तीत जाऊन भिंतीवर पोपड्यांसारखे लोंबतात. तू एक दोरा घेतलास आणि विषय मुलींच्या कमरेला बांधलास. स्थानिक माणसाच्या हातात काम दिलं की काय होतं, ते मी साहेबांना तीन वर्षं ओरडून सांगते आहे. मला एक नमुना पाठव, आणि वापरायचं कसं त्याची चिठ्ठी जोड. तुझ्याच भाषेत लिही, सुधारत बसू नकोस.

मी आज फार खूश आहे.

तुझी नणंद

३ ऑगस्ट

वन्सं,

नमुना आणि चिठ्ठी सोबत आहे. मी घाईत लिहिली आहे, अक्षराला हसू नकोस.

वर्गात आता एकतीस मुली झाल्या आहेत. टेबलाखालीसुद्धा बसतात. माझा उजवा हात म्हणजे इस्त्रीवालीची पोरगी. वय पंधरा, नाव काहीही असो, वस्ती तिला शिट्टी म्हणते. दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारते की पंपहाऊसवर तुझा दादा दचकतो. नवीन मुलीला पट्टी शिकवायची तर तीच शिकवते. "काकू, तुम्ही फार फिरवून सांगता," असं मला सुनावते आणि दोन वाक्यांत काम उरकते. नर्स व्हायचं म्हणते. तुझा पगार किती विचारत होती, मी सांगितलं नाही, नाहीतर विचार बदलेल.

परवा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, शाळेत तिच्या वर्गातला एक मुलगा आवडतो. मला सांगितलं, वन्सं! स्वतःच्या आईला नाही, मला. मी तिला विचारलं, पट्टी बघतेस ना? म्हणाली, "रोज." माझा ऊर भरून आला.

मुलग्यांसाठी तू पाठवणार होतीस तो माणूस अजून आला नाही. बाईंनी पट्टीला परवानगी दिली. तिच्यात लाज वाटण्यासारखं काही नाही म्हणे. बाकीच्याला अजूनही नको म्हणतात. खात्याचं पत्र आलं का विचारलं, तर नाही.

तुझी वहिनी

१२ ऑगस्ट

वहिनी,

घाईत लिहिते आहे. तुझी पट्टी साहेबांना इतकी आवडली की त्यांनी ती मोठ्या बैठकीत दाखवली. आता चाळीस वस्त्यांसाठी कापडावर छापून घेणार आहेत. मला व्यासपीठावर बोलायला लावलं. मी सांगितलं की ही आमच्या एका शिवणकाम करणाऱ्या ताईंची कल्पना आहे. टाळ्या पडल्या त्या तुझ्या आहेत.

बाकीच्यासाठी बाईंशी ताणू नकोस. पट्टी चालली आहे ना, मग तूर्त तेवढंच चालू दे. सगळं एकदम करायला गेलो तर हातचंही जाईल.

तुझी नणंद

१४ नोव्हेंबर

वन्सं,

नीट वाच.

शाळेचे दुसरे स्कर्ट शिवायचे म्हणून मापं घेत होते. शिट्टी पडद्याआड आली. जूनमध्ये कंबर पंचवीस होती. काल सव्वीस, सत्तावीस, टेप पुढेच सरकत गेली. एकोणतीस. मी टेप सोडून पुन्हा घेतली. पुन्हा एकोणतीस. ती हसत होती, वन्सं. म्हणाली, "काकू, मी जाड झाले ना? आईसुद्धा म्हणते." तिला माहीतच नव्हतं.

मी तिला विचारलं, पाळी कधी आली होती? तर म्हणाली, पुढेमागे होतेच ना, तुम्हीच सांगितलंत. मग मी पट्टीचं विचारलं. म्हणाली, एकही दिवस चुकले नाही, निळ्या टाक्यांवर कधीच नाही, शप्पथ. आणि मी काय केलं असेल? मी तिला खोटारडी म्हटलं. एकतीस पोरींना शिकवणाऱ्या पोरीला, माझ्याच दुकानात.

ती रडली नाही. स्कर्ट उलटा करून पिन दाखवली. शेवटची पाळी आली तेव्हापासून तिने दप्तरातल्या वहीच्या मागच्या पानावर रेघा मारून ठेवल्या आहेत. मी एकेक रेघ मोजली. तिने बरोबर मोजलं आहे. जसं मी शिकवलं, अगदी तसंच.

आज सकाळी तिला आणि तिच्या आईला घेऊन आरोग्य केंद्रात गेले. चार महिने झाले आहेत. इस्त्रीवाली बाकावर बसून नुसती माझ्याकडे बघत होती.

घरी आले तर आठवीतली एक दारात उभी होती. तिचीही पाळी चुकली आहे. तीही पट्टीवालीच.

हे काय झालं? काय चुकलं माझं?

वहिनी

१९ नोव्हेंबर

वहिनी,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. मला एकच सांग. पिन कुठल्या दिवसापासून लावायला शिकवलंस? पाळी सुरू होते त्या दिवसापासून, की संपते त्या?

संपते त्या दिवसापासून शिकवलं असशील, तर सगळा हिशेब पाच दिवसांनी पुढे सरकला. ज्या दिवसांत सगळ्यात जास्त जपायचं, नेमके तेच पाच टाके पांढरे झाले. मुली मोकळ्या दिवसांवर विश्वासून होत्या आणि ते मोकळे नव्हतेच.

आणि बरोबर मोजलं असतं तरी ही पट्टी या मुलींसाठी नव्हे, वहिनी. पंधरा वर्षांच्या मुलीची पाळी घड्याळासारखी चालत नाही. कधी पंचवीस दिवस, कधी चाळीस. मोजून दिवस राहणं टळत नाही. त्यांना साधनं कुठे मिळतात ते कळायला हवं, नको म्हणता यायला हवं, मुलग्यांनाही कळायला हवं. मणी होते ते शरीर समजावण्यासाठी. हे सगळं ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. तू एकदा विचारायला हवं होतंस. एवढी मोठी गोष्ट तू मनानेच ठरवलीस?

छापील पट्ट्या गेल्या महिन्यात नऊ वस्त्यांत पोचल्या आहेत. माझं डोकं चालत नाही. मी साहेबांशी बोलेपर्यंत कुणाला काही सांगू नकोस. गोंधळ उडाला तर पुढचं कामच बंद होईल.

नणंद

२३ नोव्हेंबर

वन्सं,

आज मी तुम्हाला तुम्हीच म्हणणार आहे.

विचारायला हवं होतं म्हणता? माझं नऊ जूनचं पत्र काढा. फेकलं नसेल तर. त्यात चार शंका आहेत, तिसरी वाचा. मग तुमचं एकवीस जूनचं वाचा, ते माझ्यापुढेच आहे. आयांचं उत्तर आहे, मुलग्यांचं आहे, बाईंचं आहे. तिसरीचं नाही. त्याच्या जागी माझं कौतुक आहे. मी अडाणी बाई, मला वाटलं, चूक असती तर मॅडम बोलल्या असत्या.

आणि कुणाला सांगू नकोस म्हणता, तर तुमचं पत्र आलं त्याच्या आत मी सांगून मोकळी झाले होते. काल शनिवार होता. दिवस मोजण्यातलं कुठलं टोक चुकलं ते मला माहीत नव्हतं, पण पट्टी चुकली एवढं दोन पोरींच्या पोटांनी सांगितलं होतं. एकतीस जणी बसल्या होत्या. मी उभी राहिले आणि म्हटलं, "पोरींनो, मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. आजपासून पट्टीवर विश्वास ठेवायचा नाही. उसवा." मग एकेकीचा चेहरा पांढरा पडायला लागला, बोटांवर मोजायला लागल्या. मला ते बघवेना, पण मी बघितलं.

एक मुलगी उठून बाहेर गेली आणि ओकली. ती तिसरी.

मग मी बाईंची परवानगी, खात्याचं पत्र, सगळं बाजूला ठेवून आरोग्य केंद्रातल्या नर्सला हाताला धरून आणलं आणि पोरींना जे जूनमध्ये सांगायला हवं होतं ते सगळं सांगायला लावलं. कुणी लाजलं नाही. लाजायला कुणाला वेळ होता?

शिट्टीचं नाव शाळेने काढलं. मापाच्या वहीत मी ते तसंच ठेवलं आहे. इस्त्रीवालीने मधल्या भिंतीतली खिडकी बंद करून घेतली.

वहिनी

३० नोव्हेंबर

वहिनी,

पत्र सापडलं. माझ्याच खणात होतं. तिसऱ्या शंकेखाली माझी लाल रेघ आहे, म्हणजे मी ती वाचली होती. रेघ मारली, वर पट्टीचं वर्णन होतं त्यावर परत उडी मारली आणि शंका विसरले. चुकत असेन तर कळव, असं तू स्पष्ट लिहिलं होतंस. मी कळवलं नाही.

त्याहून वाईट सांगते. नमुन्याबरोबरची तुझी चिठ्ठी जशीच्या तशी छापली आहे, "पाळी संपली की पहिला टाका." छापण्याआधी कुणीतरी तपासायची असते. खाली "तपासले" असं लिहून सही आहे. ती माझी आहे. दहा वर्षं नर्स म्हणून काढली मी. ते वाक्य वाचलं असतं तर झोपेतही पकडलं असतं. मी वाचलंच नाही. टाळ्या कानात होत्या.

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांना घाम फुटला, पण तो मुलींसाठी नव्हता. पट्ट्या परत मागवायचा आदेश काढायला ते तयार आहेत, पण आधी कारणाचा कागद हवा. त्यांनी तो टाइप करून माझ्यापुढे ठेवला आहे. "स्थानिक कार्यकर्तीने दिलेल्या चुकीच्या माहितीमुळे." खाली माझी सही. माझी चूक लिहिली तर चौकशी बसेल आणि चौकशी संपेपर्यंत आदेश निघणार नाही, असं म्हणतात.

मी सही केलेली नाही. मला वहिनी म्हणून नको, काय वाटेल ते म्हणून सांग. मी काय करू?

तुझी नणंद

५ डिसेंबर

सही कर.

माझं नाव घालून पट्ट्या आठ दिवस आधी थांबत असतील तर मोठ्या अक्षरांत घाल. नऊ वस्त्यांत पोरी रोज पिन सरकवत असतील. भांडण आपण नंतर करू, मी विसरणार नाही, काळजी करू नकोस. आधी थांबव.

वहिनी

११ डिसेंबर

वहिनी,

सही केली. साहेबांनी माझ्यादेखत फाइल आत पाठवली आणि शब्द दिला की या आठवड्यात आदेश निघेल. पट्ट्यांचं वाटप बंद, दिलेल्या परत.

चौकशी मी स्वतः मागणार आहे, पट्ट्या परत आल्या की लगेच. तुझं पत्र, माझी लाल रेघ, सगळं लावून. तू मला नऊ वर्षांची असल्यापासून ओळखतेस. मी अशी नव्हते, वहिनी. कधी झाले कळलं नाही.

शिट्टी कशी आहे? तिच्या तपासण्यांसाठी मी डॉक्टरांना लिहिलं आहे.

तुझी नणंद

८ जानेवारी

वन्सं,

शिट्टी बरी आहे. पोट पुढे आणि तोंड त्याच्याही पुढे. मला अजून माफ केलेलं नाही, पण रोज येऊन टेबलाशी बसते आणि येणाऱ्या पोरींना माझ्यादेखत सांगते की काकूंनी मला कसं चुकवलं. पोरी तिचं ऐकतात. मी मान खाली घालून काजं करते.

आता जे सांगते ते बसून वाच.

काल दुपारी तुमच्या खात्याची गाडी आली. ड्रायव्हरने एक खोका उतरवला आणि माझ्यापुढे सहीचा कागद धरला. मला वाटलं, परत न्यायच्या पट्ट्यांसाठी खोका आणला असेल. मी तो कात्रीने फोडला. आत पट्ट्या होत्या. नव्या कोऱ्या, दोनशे. पांढरे टाके, निळे टाके, "पाळी संपली की पहिला टाका." शिट्टीने एक उचलली, उलटी केली आणि माझ्यापुढे धरली. मागच्या बाजूला माझा फोटो छापला आहे. ट्रेनिंगच्या शेवटच्या दिवशी तुम्ही सगळ्यांचा काढला होतात, त्यातून कापून काढलेला. मी हसते आहे. खाली लिहिलं आहे, "आमच्या ताईंनी बनवली, तुमच्यासाठी."

ड्रायव्हरला विचारलं, आदेश नाही का आला? तो म्हणाला, "कसला आदेश? आज एवढ्याच भागात सहा वस्त्या करायच्यात." गाडीत आणखी पाच खोके होते. मी तुझ्या दादाला हाक मारली. तो आला, त्याने एक पट्टी वाचली, आणि बायकांचा विषय निघाला की भिंतीपलीकडे जाणारा तुझा भाऊ सरळ गाडीपुढे जाऊन उभा राहिला. ड्रायव्हर भला माणूस निघाला. त्याला दोन मुली आहेत. सहाही खोके त्याने इथेच उतरवले आणि सहाही कागदांवर मी सही केली. परत पाठवले असते तर दुसऱ्या गाडीने गेले असते. रात्र होण्याआधी आम्ही बाराशे पट्ट्या कापल्या. इस्त्रीवाली येऊन बसली, स्वतःची कात्री घेऊन.

तुझे साहेब तुला काय सांगतील ते सांगोत. मला उत्तर नको, यादी हवी. चाळीस वस्त्यांची नावं आणि रस्ता, उलट टपाली. दुकान बंद करून मी निघते आहे. शिट्टीला गाडीचे धक्के नकोत म्हणून डॉक्टरांनी अडवलं, तर तिने काय सांगायचं ते मला कागदावर लिहून दिलं आहे, दोन वाक्यांत. यादी नाही मिळाली तर गाडी ज्या रस्त्याने गेली त्या रस्त्याने विचारत जाईन. मी कोण, हे मला कुणाला सांगावं लागणार नाही. प्रत्येक पोरीच्या कमरेला माझं तोंड बांधलेलं आहे.

वहिनी